परिधीचा शंभरावा भाग

पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते? ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी हा आक्षेप थेट समोर घेतला. ग्रंथ ११५० सालचा. लिहिणाऱ्याचे वय छत्तीस. पृथ्वी आरशासारखी सपाट आहे असे पौराणिक म्हणत, आणि त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला प्रत्येकाचा स्वतःचा डोळा हजर होता. भास्कराचार्यांनी त्या साक्षीदाराला खोटे पाडले नाही. ते म्हणाले, परिधीचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी फार मोठी आणि तिच्या पाठीवरचा माणूस फार लहान, म्हणून त्याला जेवढी दिसते तेवढी सपाटच दिसणार. डोळ्याची साक्ष खरी, तिच्यावरून दिलेला निकाल चुकीचा.

पावणेनऊशे वर्षांनी तोच खटला वरच्या कोर्टात आला आहे. पृथ्वीच्या जागी विश्व आहे, डोळ्याच्या जागी उपग्रहावरची दुर्बीण आहे, आणि पौराणिकांच्या जागी, सांगायला संकोच वाटतो, विज्ञानाचे आपण वाचक-लेखक आहोत. गेली वीस-पंचवीस वर्षे लेखांतून, व्याख्यानांतून, माहितीपटांतून एक वाक्य इतक्या सहजपणे सांगितले जाते की ते शोधाचाच भाग वाटावे : विश्व सपाट असल्याचे सिद्ध झाले आहे, म्हणून ते अनंत आहे. या वाक्याचा पूर्वार्ध जवळजवळ खरा आहे. उत्तरार्ध खरा असेल किंवा नसेल. माझा वाद मधल्या ‘म्हणून’शी आहे.

पूर्वपक्ष

समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडता आले पाहिजे, मगच खंडनाला तोंड उघडावे, अशी शास्त्रार्थाची रीत आहे. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

अवकाशाची वक्रता ही कल्पना नाही, मोजता येणारी गोष्ट आहे. सपाट कागदावर काढलेल्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरते. पृथ्वीगोलावर विषुववृत्तापासून उत्तर ध्रुवापर्यंत मोठा त्रिकोण आखला तर ती त्याहून जास्त भरते. घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठावर कमी भरते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने दाखवले की त्रिमितीय अवकाशालाही असे तीन स्वभाव असू शकतात, आणि विश्वाचा स्वभाव कोणता हे त्यातल्या वस्तुमान-ऊर्जेच्या घनतेवर ठरते. घनता एका विशिष्ट मूल्याएवढी, म्हणजे दर घनमीटरमागे सुमारे पाच हायड्रोजन अणूंइतकी असेल तर अवकाश सपाट. जास्त असेल तर गोलासारखे मिटलेले. कमी असेल तर खोगिरासारखे उघडे.

मग त्रिकोण कुठे आखायचा? निसर्गाने तो आखून ठेवला आहे. पहिली ३,८०,००० वर्षे विश्व तप्त, अपारदर्शक प्लाझ्माने भरलेले होते आणि त्यात ध्वनीच्या लाटा धावत होत्या. तेवढ्या काळात ध्वनी किती अंतर कापेल हे भौतिकशास्त्रातून काढता येते. विश्व थंड होऊन प्रकाश मोकळा झाला तेव्हा त्या लाटांचे ठसे प्रकाशावर उमटले. तोच प्रकाश प्रसरणाने ताणला जाऊन आज २.७ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या आकाशातून आपल्यापर्यंत येतो. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी तो सापडल्याचे जाहीर केले. त्या ठशांची खरी लांबी माहीत, त्यांचे अंतर माहीत. म्हणजे त्रिकोणाचा पाया ठशावर, शिरोबिंदू आपल्यापाशी. शिरोकोन तेवढा मोजायचा. अवकाश सपाट असेल तर हे डाग सुमारे एक अंशाचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद दिसायला हवेत. मिटलेले असेल तर मोठे, उघडे असेल तर लहान.

१९९८च्या डिसेंबरअखेर ‘बूमरँग’ नावाच्या प्रयोगाचा फुगा अंटार्क्टिकावर सुमारे दहा दिवस फिरला. २०००मध्ये त्याचे निष्कर्ष आले : एक अंश. २००१मध्ये सोडलेल्या ‘डब्ल्यूमॅप’ उपग्रहाने तेच सांगितले, आणि २००९मध्ये सोडलेल्या युरोपच्या ‘प्लांक’ उपग्रहाने ते आणखी बारकाईने सांगितले. प्लांकच्या २०१८ सालच्या निष्कर्षांत, दीर्घिकांच्या सर्वेक्षणांची जोड देऊन, विश्वाच्या हिशेबातला वक्रतेचा वाटा ०.०००७ एवढा निघाला. चुकीची शक्यता अधिक-उणे ०.००१९. माणसाने मोजलेला हा सगळ्यांत मोठा त्रिकोण आहे, आणि त्याने १८० अंशांचा नियम पाळला.

यापुढे पूर्वपक्ष म्हणतो : वक्रता शून्य म्हणजे शाळेत शिकलेले युक्लिडचे अवकाश. त्यात सरळ रेषा हवी तेवढी वाढवता येते. म्हणून विश्वाला अंत नाही.

मोजणीवर माझा काडीचाही आक्षेप नाही. आक्षेप मोजणी संपते तिथून सुरू होतो.

पहिला दोष : शून्याजवळचे म्हणजे शून्य नव्हे

शून्य ही अशी संख्या आहे की तिच्या कितीही जवळ जाता येते, पण मोजपट्टीने तिच्यावर बोट ठेवता येत नाही. प्लांकचा आकडा सांगतो की वक्रता शून्याच्या आसपास एका अरुंद पट्ट्यात आहे. त्या पट्ट्यात शून्य आहे, तसेच शून्याच्या दोन्ही बाजूंचे असंख्य आकडेही आहेत. आणि या प्रश्नात शून्य व त्याचा शेजारी यांच्यात साधासुधा फरक नाही. वक्रता रतीभर जरी मिटलेल्या बाजूला झुकली आणि सगळीकडे तशीच असली तर विश्व सांत ठरते. ‘अनंत’ हा शब्द दशांशचिन्हानंतरच्या ज्या घरावर उभा आहे, ते घर आपण अजून पाहिलेलेच नाही.

हिशेब करून पाहू. मोजणीतली चूक दुपटीने धरली, जी शास्त्रज्ञ नेहमीच धरतात, तर मिटलेल्या बाजूला सुमारे ०.००३ एवढा वाटा अजून शक्य आहे. तेवढ्या वक्रतेच्या विश्वाची त्रिज्या येते अडीचशे अब्ज प्रकाशवर्षांच्या थोडी पुढे, आणि पूर्ण प्रदक्षिणा सुमारे १६०० अब्ज प्रकाशवर्षांची. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास आहे सुमारे ९३ अब्ज प्रकाशवर्षे; म्हणजे प्रदक्षिणेचा सतरावा भाग. अशा विश्वाचे एकूण घनफळ दृश्य विश्वाच्या सुमारे आठशे पट भरेल. आठशे पट खूप झाले, पण अनंताच्या दारात आठशे आणि आठ सारखेच. ज्या आकड्यांवर अनंत विश्वाची घोषणा होते, तेच आकडे या सांत विश्वालाही मुकाट्याने चालतात.

इथे भास्कराचार्यांचेच एक दुसरे पान आठवते. बीजगणितात त्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती बदलत नाही. म्हणजे अनंताचे त्यांना वावडे नव्हते. पण खहर व्हायला छेद शून्यच लागतो, शून्यासारखा दिसणारा चालत नाही. वक्रतेची त्रिज्या काढताना वक्रतेच्या वाट्याच्या वर्गमुळाने भागावे लागते. छेदात ०.०००७ असेल, ०.००००००७ असेल, उत्तर प्रचंड येईल, खहर येणार नाही.

यातून एक विषमता निघते आणि ती लोकप्रिय लेखनात क्वचितच सांगितली जाते. विश्व वक्र असेल तर एखादे दिवशी मोजणी ते सिद्ध करू शकेल. पट्टा शून्यापासून सुटला की झाले. विश्व तंतोतंत सपाट असेल तर मात्र कोणतीही मोजणी ते कधीच सिद्ध करू शकणार नाही. ‘सपाट असल्याचे सिद्ध झाले’ हे वाक्य आजच्या अज्ञानामुळे नव्हे, मोजणीच्या जातीमुळेच चुकीचे आहे.

दुसरा दोष : सपाट असूनही सांत

आता पूर्वपक्षाला सवलत देऊ. समजा, आकाशवाणी झाली आणि वक्रता नेमकी शून्य असल्याचे कळले. तरीही ‘म्हणून’ टिकत नाही.

कागदाचा ताव घ्या, त्यावर त्रिकोण काढा आणि तावाची नळी करा. त्रिकोणाच्या बाजू ताणल्या गेल्या नाहीत, कोन बदलले नाहीत; बेरीज १८०च. नळीवर चालणाऱ्या मुंगीच्या दृष्टीने तिचे जग शंभर टक्के सपाट आहे. पण ती आडवी सरळ चालत राहिली तर निघाली तिथेच परत येते. त्या दिशेने तिचे जग सांत आहे आणि तरीही तिला कुठे कडा लागत नाही. मोबाइलवरच्या जुन्या खेळात साप उजव्या कडेतून बाहेर गेला की डाव्या कडेतून आत येई, वरून गेला की खालून येई. तो पडदा चारही बाजूंनी असा जोडलेला, सपाट आणि सांत. (मेदूवड्याचा आकार याचे उदाहरण म्हणून सांगतात, पण वड्याचे पृष्ठ वाकलेले असते, खेळातला पडदा वाकलेला नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे.) हीच जोडणी खोलीच्या बाबतीत करा : समोरची भिंत मागच्या भिंतीला, डावी उजवीला, जमीन छताला. झाले एक त्रिमितीय विश्व, ज्यात युक्लिडचे नियम सगळीकडे पाळले जातात आणि ज्याचे घनफळ मोजून देता येते.

ही गणितज्ञांची करमणूक समजू नये. वक्रता अवकाशाचा स्थानिक गुण सांगते. त्याची जोडणी कशी आहे ते संस्थितिविज्ञान, म्हणजे टोपॉलॉजी, सांगते. एकावरून दुसरे निघत नाही. सपाट त्रिमितीय अवकाशांची मोजदाद १९३०च्या दशकातच पुरी झाली : प्रकार एकूण अठरा. त्यांतला युक्लिडचा एक. दहा प्रकार सर्व दिशांनी सांत आहेत, उरलेले सात काही दिशांनी सांत आणि काही दिशांनी अनंत. म्हणजे सपाट अवकाशांच्या यादीत बहुमत सांतांचेच आहे. अर्थात विश्वाचा आकार मतदानाने ठरत नाही. पण यादीत अठरा नावे असताना एकच वाचून दाखवणे हे काही वाचन नव्हे.

हा मुद्दा नवा असता तर त्याकडे दुर्लक्ष झाल्याचे नवल वाटले नसते. पण कार्ल श्वार्त्सशिल्ड १९०० साली, म्हणजे सापेक्षतावादाच्याही आधी, अवकाशाच्या संभाव्य वक्रतेवर लिहिताना अशा जोडलेल्या अवकाशांचा विचार करतो. आणि ज्याच्या समीकरणांवर प्रसरणशील विश्वाचे सगळे शास्त्र उभे आहे, तो अलेक्झांडर फ्रीडमन १९२४च्या निबंधात स्पष्ट बजावतो की केवळ वक्रतेवरून अवकाश सांत की अनंत हे ठरत नाही, त्यासाठी वेगळी गृहीतके लागतात. या फ्रीडमनला आइन्स्टाइननेही आधी चुकीचे ठरवले होते. विश्व प्रसरण पावू शकते हे दाखवणारा त्याचा १९२२चा निबंध आइन्स्टाइनला हिशेबाची चूक वाटला, आणि पुढच्या वर्षी त्याने आपला आक्षेप मागे घेतला. फ्रीडमन १९२५मध्ये, सदतिसाव्या वर्षी गेला. त्याची समीकरणे जगाने उचलली. समीकरणांशेजारची सूचना मागे राहिली.

हेतूला चिकटलेली उपाधी

आपल्या न्यायशास्त्राकडे या दोषासाठी नेमका शब्द आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण अग्नीवरून धुराचे अनुमान करू गेलो तर फसतो, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. चुलीत धूर दिसला तो निव्वळ अग्नीमुळे नव्हे, ओल्या सरपणामुळे. हे ओले सरपण म्हणजे उपाधी : अनुमानात गुपचूप शिरलेली, न सांगितलेली अट. अशा हेतूला नैयायिक सोपाधिक म्हणतात.

सपाटपणावरून अनंतत्व काढणाऱ्याच्या चुलीतही ओले सरपण आहे, आणि एक नाही, तीन ढलप्या आहेत. पहिली, वक्रता नेमकी शून्य आहे. दुसरी, अवकाश कुठेही स्वतःशी जोडलेले नाही. तिसरी, दृश्य विश्वाच्या पलीकडे, कितीही दूर गेलो तरी, सगळे इथल्यासारखेच आहे. या तिसरीबद्दल थोडे सांगायला हवे. विश्व मोठ्या प्रमाणावर सगळीकडे सारखे आहे हे गृहीत दृश्य विश्वात चांगले उतरले आहे. पण क्षितिजाच्या आतली तपासणी क्षितिजाबाहेरच्या प्रदेशाला लागू करणे हा विश्वास आहे; उपयोगी विश्वास, तरी विश्वासच. कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहून जेवढा समुद्र दिसतो तेवढा सपाट आहे, यावरून समुद्राला पैलतीर नाही असे म्हणणाऱ्याला कोळी काय उत्तर देईल?

शंका-समाधान

इथे पूर्वपक्षाचा जाणता वकील उभा राहील. त्याच्या तीन शंका खऱ्याच दखल घेण्याजोग्या आहेत.

पहिली शंका : विश्व खोलीसारखे स्वतःशी जोडलेले असेल तर आरसेमहालाप्रमाणे एकच दीर्घिका अनेक दिशांना दिसायला हवी. दिसते का? समाधान असे की तसा शोध खरोखर घेतला गेला. वेगवेगळ्या दिशांनी आलेला प्रकाश दीर्घिकेच्या वेगवेगळ्या वयाचा असतो. बाळपणीचा आणि म्हातारपणीचा फोटो एकाच माणसाचा हे ओळखणे कठीण, म्हणून दीर्घिकांचा मार्ग फारसा चालला नाही. कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन यांनी १९९८मध्ये चांगली युक्ती सुचवली : सूक्ष्मलहरींच्या नकाशात परस्परांशी तंतोतंत जुळणारी वर्तुळांची जोडी शोधा. डब्ल्यूमॅपच्या आणि मग प्लांकच्या नकाशांत ती शोधली, सापडली नाही. २००३मध्ये ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी विश्व बारा पंचकोनी फलकांच्या घनासारखे जोडलेले असावे असे ‘नेचर’मध्ये मांडून खळबळ उडवली होती, त्या कल्पनेला पुढे पाठबळ मिळाले नाही.

यावरून काय ठरले? एवढेच की खोली असलीच तर साध्या जोडण्यांपुरती ती आपल्या दृष्टीच्या आवाक्याहून फारशी लहान नाही. त्याहून मोठी असेल तर वर्तुळे दिसण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय २०२४मध्ये ‘कॉम्पॅक्ट’ या संशोधकगटाने दाखवले की जोडणी साधी नसेल, भिंती चिकटवताना पीळ दिला असेल, तर आजवरच्या शोधातून निसटलेल्या पुष्कळ शक्यता अजून जिवंत आहेत. सांत विश्वाच्या बाजूने एक गोष्ट मात्र इथे नोंदवली पाहिजे : ते चूक ठरण्याची जोखीम पत्करते. अनंत विश्वाला कोणती वर्तुळे खोटे पाडणार?

दुसरी शंका अधिक वजनदार आहे. जन्मानंतरच्या पहिल्या अत्यल्प क्षणात विश्व अफाट वेगाने फुगले, हा अॅलन गथ यांनी १९८१मध्ये मांडलेला अतिप्रसरणाचा सिद्धांत, ज्याला इन्फ्लेशन म्हणतात. फुग्याला फुंकत राहिलो तर त्याच्या पाठीचा तळहाताएवढा तुकडा सपाट होत जातो. सिद्धांत सपाटपणाचे भाकीत करतो, ते खरे ठरले. मग अनंतत्व मानायला काय हरकत?

हरकत उदाहरणातच आहे. फुगा कितीही फुगवला तरी फुगाच राहतो. अतिप्रसरण सांत विश्वाला अनंत करत नाही. ते वक्रता आपल्या नजरेआड ढकलते. म्हणजे हा सिद्धांत खरा मानला तर गोल विश्वही आपल्याला सपाटच दिसणार, आणि दिसणाऱ्या सपाटपणाला आकाराबद्दल बोलण्याचा अधिकारच उरणार नाही. पूर्वपक्षाने आपला सर्वांत बळकट साक्षीदार बोलावला आणि त्याने साक्ष दिली ती आमच्या बाजूने. अतिप्रसरणाच्या काही आवृत्त्यांत अनंत अवकाश खरोखर निघते. पण तिथे अनंतत्व त्या आवृत्तीच्या गृहीतकांतून येते, प्लांकच्या आकड्यातून येत नाही.

तिसरी शंका साधेपणाची : अठरा प्रकारांत युक्लिडचा सर्वांत साधा, मग तोच का न धरावा? हिशेबासाठी जरूर धरावा, सगळे धरतात, मीही धरीन. पण लाघव हा निवडीचा गुण आहे, पुरावा नव्हे. आणि साधेपणा कुणाच्या दृष्टीने? समीकरण लिहिणाऱ्याला अनंत अवकाश सोपे पडते. पण त्याच अनंतात तारे अनंत, दीर्घिका अनंत. आणि सगळीकडे सारखेच नियम व तीच संभाव्यता धरली तर कुठेतरी आपल्यासारखीच दुसरी पृथ्वी आणि तिच्यावर हाच लेख वाचणारे आपल्यासारखेच कुणी, हेही ओघाने स्वीकारावे लागते. याला साधे म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

उलट बाजूची चूक

एवढे ऐकून विरुद्ध पक्षाचा कुणी आनंदेल : विश्व सांतच आहे ना, कारण ते एका बिंदूतून फुटून बाहेर आले! ही चूक पहिलीहून जुनी आणि जास्त पसरलेली आहे, म्हणून तिचाही निकाल लावतो. फार वेळ लागणार नाही.

‘बिग बँग’ हे नाव फ्रेड हॉइल यांनी १९४९मध्ये बीबीसीवरच्या भाषणात वापरले. ते या सिद्धांताचे विरोधक. आपण त्याचे ‘महास्फोट’ केले आणि डोळ्यांसमोर दिवाळीचा फटाका उभा राहिला : एक जागा, एक ठिणगी, चहूकडे उडणारे तुकडे. १९२७मध्ये लमेत्रने गणिताने आणि १९२९मध्ये हबलने निरीक्षणाने जे दाखवले त्यात असे काही नाही. तिथे दीर्घिका अवकाशातून पळत नाहीत. दीर्घिकांमधले अवकाशच वाढते, सगळीकडे एकाच प्रमाणात, आणि म्हणून केंद्र कुठेच नसते. एक अंतहीन रस्ता आणि त्यावर किलोमीटरचे दगड कल्पा. मागे मागे जाताना दगडांमधले अंतर किलोमीटरचे मीटर, मीटरचे वीत, विताचे बोट होत गेले तरी रस्ता अंतहीनच राहतो. दगडांची गर्दी वाढते एवढेच. विश्व आज अनंत असेल तर ते तप्त, घन बाल्यातही अनंतच होते. आज सांत असेल तर तेव्हाही सांत. प्रसरण या प्रश्नावर तटस्थ आहे. वय १३.८ अब्ज वर्षे हेही तटस्थ आहे. त्यातून आपल्याला किती दूरचे दिसते हे ठरते, आहे किती हे ठरत नाही.

याच्या जोडीला जयंत नारळीकरांचे उदाहरण ठेवण्याजोगे आहे. बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८मध्ये मांडलेल्या स्थिर स्थितीच्या विश्वात अवकाश सपाट, अनंत आणि काळही अनादी होता. १९९३मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी त्या कल्पनेची सुधारित आवृत्ती मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही, सूक्ष्मलहरींचा पुरावा पाहता मलाही पटत नाही. पण सपाट, अनंत विश्व हे महास्फोटाच्या प्रतिस्पर्ध्याच्याही घरात नांदत होते, हे त्यातून दिसते. सपाटपणा कुणा एकाची मिरासदारी नाही. आणि मे २०२५मध्ये निधन होईपर्यंत नारळीकरांनी बहुमताला पुराव्याचे स्थान दिले नाही, हा त्यांचा वारसा त्यांच्या सिद्धांताशी सहमत नसलेल्यानेही घ्यावा.

एकदा तुटलेली साखळी

‘सपाट म्हणून अनंत’ हे वाक्य धोक्याचे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. अशीच एक साखळी आपण एकदा तुटताना पाहिली आहे. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत विश्वाचा आकार आणि त्याचे भवितव्य एकाच दोरीत बांधलेले असे : मिटलेले विश्व शेवटी कोसळणार, उघडे विश्व कायम पसरत राहणार, सपाट त्यांच्या सीमारेषेवर. कोष्टक सुबक होते, परीक्षेला सोपे होते. त्यात एक उपाधी लपली होती : विश्वात फक्त आकर्षणच करणारे द्रव्य आहे. १९९८मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून कळले की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. या शोधासाठी पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११चे नोबेल मिळाले. आज विश्वाच्या हिशेबात सुमारे ६९ टक्के वाटा ही वेगवाढ घडवणाऱ्या अदृश्य ऊर्जेचा धरतात. ती असेल तर मिटलेले विश्वही कायम पसरत राहू शकते. आकारावरून भवितव्य वाचणारे कोष्टक निकालात निघाले. वक्रतेवरून व्याप्ती वाचणारे कोष्टक त्याच भिंतीवर, त्याच खिळ्याला टांगलेले आहे.

सिद्धांतपक्ष

खंडन करणाऱ्याने शेवटी स्वतःचे मत सांगितले पाहिजे, नाहीतर ती वितंडा होते. माझे मत असे नाही की विश्व सांत आहे. २०१९मध्ये प्लांकच्या आकड्यांचे एक विशिष्ट वाचन घेऊन विश्व मिटलेले असल्याचा दावा काही संशोधकांनी केला, तेव्हा इतरांनी दाखवले की दीर्घिकांची सर्वेक्षणे जोडली की तो कल नाहीसा होतो. त्या दाव्याचा आधार मी घेणार नाही. माझ्या बाजूचा वाटतो म्हणून कच्चा पुरावा पक्का होत नाही. माझे मत एवढेच आहे की सांत की अनंत हा प्रश्न वक्रतेच्या मोजणीने आज सुटलेला नाही, आणि त्यातली एक बाजू त्या मोजणीने कधीच सुटणार नाही.

कधीच का, ते एका हिशेबाने सांगून थांबतो. आपल्या दृश्य विश्वातच द्रव्याचे पुंजके आणि पोकळ्या आहेत. त्यांच्यामुळे आपल्या भागाची सरासरी घनता एकूण विश्वाच्या सरासरीहून किंचित वेगळी असणारच. वक्रतेचा वाटा साधारण ०.०००१ ते ०.००००१ या पट्ट्यात उतरला की ती संपूर्ण विश्वाची वक्रता आहे की आपल्या आळीतला खड्डा-उंचवटा, हे सांगता येणे हळूहळू बंद होते. दुर्बीण कितीही सुधारा, हा अडथळा दुर्बिणीचा नाही. पाहायला आकाश एकच आहे. आजची मोजणी या उंबरठ्यापासून सुमारे वीसपट अलीकडे आहे.

आता उलट हिशेब करा. दृश्य विश्वाचा व्यास, ९३ अब्ज प्रकाशवर्षे, हा विश्वाच्या पूर्ण प्रदक्षिणेचा बरोबर शंभरावा भाग आहे असे धरा. प्रदक्षिणा ९३०० अब्ज प्रकाशवर्षांची. त्रिज्या सुमारे १४८० अब्ज. तिच्यावरून वक्रतेचा वाटा काढला तर उत्तर येते ०.०००१च्या किंचित खाली. बरोबर त्या उंबरठ्यावर.

भास्कराचार्यांना सूक्ष्मलहरी माहीत नव्हत्या, आणि हा आकडा जुळला तो योगायोग आहे. त्यात कुणी प्राचीन विज्ञानाचा चमत्कार शोधू नये. त्यांनी शंभर हा आकडा माणसाच्या नजरेचा अदमास घेऊन घातला होता. पण युक्तिवाद त्यांचाच आहे आणि तो आजही पुरा पडतो. म्हणून पुढच्या वेळी हे वाक्य छापायचे असेल तर असे छापावे : जेवढे विश्व आपल्याला दिसते तेवढे, मोजणीतल्या चुकीच्या मर्यादेत, सपाट आहे. त्यानंतर पूर्णविराम द्यावा.